समुद्राची चाल

२५ डिसेंबर जवळ आला की आमच्या गायन पार्टीची तालीम सुरू होते आणि दर वर्षी ती एकाच गाण्यापाशी अडते. नवीन मुले विचारतात, "या गाण्याची मूळ चाल कुठल्या पिक्चरची?" आम्ही सांगतो, कुठल्याच नाही. ते त्यांना पटत नाही. मग आम्हाला एका तमिळ पिक्चरची गोष्ट सांगावी लागते, आणि ती ऐकून मुलांचा घोटाळा आणखी वाढतो. म्हणून म्हटले, एकदा लिहूनच काढावे.

आम्ही देहूरोडचे. १९५४ साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेच आमचे गाव. आम्ही म्हणजे पाच पुरुष आणि एक वहिनी. कोणी भोसरीला लेथवर, कोणी आकुर्डीला पेंटशॉपात, कोणी डेपोत, आणि वहिनी घरी पापड लाटणाऱ्या. पेटी, ढोलकी, बेंजो, दोन टाळ आणि कोरस. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, बारशाला, जलदानविधीला, जिथे बोलावतील तिथे गायचो. बिदागी मिळाली तर रिक्षाचे भाडे सुटायचे, नाहीतर चहावर.

त्या काळी सगळ्याच पार्ट्यांची रीत एक होती. चालू पिक्चरची गाजलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर बाबासाहेबांचे शब्द बसवायचे. यात कमीपणा काही नव्हता. लोकांच्या कानात चाल आधीच असते, शब्द पटकन पोचतात. अक्षर न येणाऱ्या आयाबायांनाही गाणे पाठ होते. मोठ्या मोठ्या गायकांनी हे केले आहे आणि त्यातून समाज जागा झाला आहे. पण १९८७ च्या जयंतीला आमची फजिती झाली. आम्ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे गाणे एका नाचाच्या गाण्याच्या चालीवर बसवले होते. मुखडा झाला आणि पुढे बसलेली पोरे मूळ गाण्याचे शब्द म्हणून नाचायला लागली. चवदार तळे राहिले बाजूला. कार्यक्रम संपल्यावर विहारातले एक म्हातारे उपासक जवळ आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शब्द आपले होते रे बाबांनो, पण पाय त्यांचे होते."

त्या रात्री आमचे पेटीवाले मामा जेवले नाहीत.

मामांबद्दल थोडे सांगायला हवे. ते वहिनींचे सख्खे मामा, म्हणून सगळ्या वस्तीचे मामा. भोसरीच्या एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होते. त्या जयंतीच्या दोन वर्षे आधी रात्रपाळीत उजव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेली, अंगठ्याशेजारची. ज्या बोटांनी पेटी वाजते तीच. आपल्या पट्ट्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा, कप धरणारे हात मोजा, म्हणजे कळेल. मामांनी सहा महिने पेटीला हात लावला नाही. मग एक दिवस त्यांनी उजव्या हाताने भाता ओढून डाव्या हाताने सूर धरायला सुरुवात केली. सगळे उलटे शिकावे लागले. सूर खरा लागायचा, पण हात सावकाश चाले. पिक्चरच्या गाण्यातले धावते तुकडे त्यांना जमेनात. ते तुकडे बेंजोवाला वाजवायचा आणि मामा नुसता सूर धरून बसायचे. तेव्हा ते कोणाकडे बघत नसत.

आता तमिळ पिक्चरकडे येतो. देहूरोडला लष्करी डेपोमुळे तमिळ वस्ती जुनी आहे. आमच्या लाईनीत शेवटच्या खोलीत एक अण्णा राहायचे, डेपोत कामाला, मूळचे कन्याकुमारीकडचे. त्यांच्या घरी पोंगल, आमच्या घरी खीर, अशी देवाणघेवाण. अक्का आणि वहिनी तर एकाच नळावरच्या. त्या वर्षी मे महिन्यात अण्णांच्या मुलीला नोकरी लागली, त्या आनंदात त्यांनी व्हीसीआर भाड्याने आणला आणि खडकीहून तमिळ कॅसेट. आम्हा सगळ्यांना बोलावले. पिक्चरचे नाव 'कडलोर कवितैगळ', म्हणजे समुद्रकाठच्या कविता. भारतीराजा यांचा १९८६ चा पिक्चर, संगीत इळैयाराजा यांचे. आम्हाला दोन्ही नावे नवीन. अण्णा मात्र पडद्यावर खडक दिसताच उठून उभे राहिले. "हे मुट्टम! माझ्या गावापासून सायकलने जायचो आम्ही!" अक्का त्यांचा हात धरून खाली बसवत होत्या.

गोष्ट साधी. चिन्नप्पा दास नावाचा दांडगट गडी, तुरुंगातून सुटून आलेला, गाव त्याला भिते. त्या गावात जेनिफर नावाची शिक्षिका येते. हा तिच्याकडे अक्षर शिकायला जाऊन बसतो. एवढा मोठा बाप्या बारक्या पोरांत बसून अक्षरे गिरवतो. अण्णा एकेक वाक्य मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होते. बायका हसत होत्या. मामा मात्र सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "हे तर आपले वामनदादा." खरेच होते. वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली. गाणे आणि पाटी या दोन गोष्टी आपल्या लोकांत अशा एकमेकींचा पदर धरून आल्या आहेत.

पण त्या रात्री मामांचे लक्ष गोष्टीत फार वेळ टिकले नाही. ते ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी अण्णांना कॅसेट मागे घ्यायला लावली. मग पुन्हा. बायका वैतागल्या. मामा म्हणाले, "बासरी चालली होती, लाट आली तशी थांबली. लाट गेल्यावर पुन्हा आली." बेंजोवाला म्हणाला, "मामा, भाड्याची कॅसेट आहे, टेप घासली असेल." या गोष्टीवरून त्या दोघांचे जे भांडण लागले ते पुढे कितीतरी वर्षे चालले. टेप घासली होती की रचणाऱ्यानेच बासरी थांबवली होती, याचा निकाल आजही लागलेला नाही. पण आमचे सगळे पुढचे त्या एका शंकेतून निघाले.

आमच्याकडे समुद्र म्हटला की कोळीगीत. होडी, जाळे, ठेका, डुलणे. गोड असते, नाही म्हणत नाही. पण तो समुद्र नेहमी नाचतच असतो. मामांना वाटले, इथे कोणीतरी समुद्राला नुसते असू दिले आहे.

दिवाळीत अण्णांचा एक भाचा मद्रासहून आला. तो तिथे कोडंबाक्कम भागात स्टुडिओतल्या वायरिंगच्या कामावर होता. मामांनी त्याला तीन संध्याकाळ सोडले नाही. त्याच्याकडून आणि पुढे वाचून-ऐकून आम्हाला जे समजले ते असे. पिक्चरची गाणी आधी तयार होतात आणि मग त्यांवर चित्रीकरण होते. पण प्रसंगांच्या मागे जे संगीत वाजते ते सगळ्यात शेवटी. पिक्चर जोडून झाला की त्याची एकेक रीळ पडद्यावर चालवतात. हजार फुटांची रीळ असते, साधारण अकरा मिनिटे चालते, सेकंदाला चोवीस चित्रे. संगीतकार ती बघतो, कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबायचे ते टिपतो, आणि मग प्रत्येक वाद्याचे लिहून देतो. व्हायोलिनवाल्यांना त्यांचा कागद, बासरीवाल्याला त्याचा. इळैयाराजांची ख्याती अशी की ते पेटी न धरता, कोणाला गाऊन न दाखवता, थेट कागदावर सगळ्या वाद्यांचे लिहितात. एका अख्ख्या पिक्चरचे हे काम ते तीन-चार दिवसांत करत. भाचा म्हणाला, "ते लिहीत असताना आम्ही पंखासुद्धा दुरुस्त करायला जात नाही."

आणि समुद्राची भानगड वेगळीच. समुद्रकाठी चित्रीकरण केले की वारा आणि लाटा यांमुळे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून त्या काळात नट पुन्हा बंद खोलीत उभे राहून आपापली वाक्ये म्हणत. लाटेचा आवाजही नंतर वेगळा घालत. म्हणजे पिक्चरमधला समुद्र हा एकदा बाहेर काढून पुन्हा माणसाच्या हाताने आणून ठेवलेला समुद्र! मग बोलणे, लाट आणि संगीत या तिघांना एका पट्टीवर बसवायचे. लाटेचा आवाज खालच्या-वरच्या सगळ्या सुरांवर पसरलेला असतो, हलके वाद्य त्यात बुडून जाते. तेव्हा रचणाऱ्यापुढे दोनच वाटा. लाटेपेक्षा मोठ्याने वाजवायचे, नाहीतर लाट जाऊ द्यायची.

मामा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "हा माणूस कुठला?"

इळैयाराजा १९४३ साली पन्नैपुरम नावाच्या खेड्यात जन्मले, आजच्या तेनी जिल्ह्यात. घर दलित. थोरले भाऊ पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतून गायचे आणि हा धाकटा त्यांच्याबरोबर गावोगाव पेटी घेऊन हिंडायचा. म्हणजे आमच्यासारखीच गायन पार्टी! पुढे मद्रासला गेले, धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीताचे लिहिणे-वाचणे शिकले, दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली राबले. १९७६ साली 'अन्नक्किळी'ने नाव झाले. तिथपासून हजाराहून अधिक पिक्चर. मुट्टमच्याच किनाऱ्यावर भारतीराजांबरोबर त्यांनी १९८१ साली 'अलैगळ ओय्वदिल्लै' केला होता. त्यात ब्राह्मण मुलगा आणि ख्रिस्ती मुलगी शेवटी जानवे आणि क्रूस टाकून देतात. तोच पिक्चर १९८३ साली हिंदीत 'लव्हर्स' म्हणून आला, पद्मिनी कोल्हापुरे होती. संगीत मात्र आर. डी. बर्मन यांचे. अण्णा म्हणायचे, तो समुद्र वेगळा.

"घर दलित" हे आम्ही मुद्दाम लिहिले आहे, पण एक सांगायला हवे. इळैयाराजा स्वतः ही ओळख पुढे करत नाहीत, ती कोणी चिकटवलेली त्यांना आवडत नाही. तो त्यांचा हक्क आहे. पण त्या रात्री मामांना ती माहिती औषधासारखी लागली, हे खोटे कसे सांगावे?

६ डिसेंबर १९८७. आम्ही नेहमीप्रमाणे लोणावळ्याला गाडी बदलून दादरला गेलो. आपल्या वाचकांना चैत्यभूमीची रांग सांगायला नको. शिवाजी पार्कपासून पहाटे तीनला उभे राहिलो. आमच्या पुढे मराठवाड्यातली एक आजी होती, कमरेला भाकरीचे फडके. तिने आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहिला होता. तिने विचारले, "ह्यो आवाज रातभर असाच ऱ्हातो काय?" आमच्या लक्षात आले की आपल्या लोकांनी समुद्र पाहिला तो बहुतेक असाच. सहलीला नाही, होडीत नाही, शिंपले वेचायला नाही. बाबासाहेबांना जिथे निरोप दिला, तिथेच तो भेटला.

मामा रांगेत उभ्या उभ्या लाटा मोजत होते. उरलेल्या बोटांच्या पेरांवर. एक लाट फुटली की दुसरी फुटेपर्यंत नऊ. मग बारा. मग आठ. पुन्हा अकरा. ढोलकीवाला म्हणाला, "मामा, हे ना दादऱ्यात बसत, ना केरव्यात." मामा म्हणाले, "मग बसवू नको."

तिथून चाल सुरू झाली आणि वर्षभर आमची डोकी फुटायची वेळ आली. वहिनींनी शब्द लिहिले. त्या आजीवर, भाकरीच्या फडक्यावर, पहिल्यांदा पाहिलेल्या पाण्यावर. मामांनी डाव्या हाताने सूर शोधला. हात सावकाश, म्हणून चालही सावकाश. अंतऱ्याला ढोलकी होती, तिथे सगळे ठीक. पण मुखडा संपला की मामांना रिकामी जागा हवी होती. नुसती जागा. तिथे काही वाजायचे नाही. ढोलकीवाल्याचा हात राहायचा नाही. गेली पंधरा वर्षे तो गप्प बसलाच नव्हता! तो विचारी, "किती मात्रा थांबू?" मामा म्हणत, "लाट जाईपर्यंत." "अहो, इथे लाट कुठे आहे? इथे रेल्वेलाईन आहे!" दोनदा तो तालीम सोडून गेला. शेवटी वहिनींनीच तोड काढली. मुखडा गाऊन झाला की त्या एक पूर्ण श्वास घेत आणि सोडत. तो सुटला की त्या बोट वर करत आणि ढोलकी उचलायची. माणसाचा श्वासही रोज सारखा नसतो, त्यामुळे ती जागा कधी लांब, कधी आखूड. मामांना हेच हवे होते.

या एका चालीला वर्ष लागले आणि तिकडे एवढे संगीत तीन दिवसांत, असे आम्ही एकदा हसून म्हटले. तर अण्णा म्हणाले, "त्यांनी वीस वर्षं तेच केलं. तुम्ही पाळी करून केलं."

२५ डिसेंबर १९८८ ला धम्मभूमीवर ते गाणे पहिल्यांदा म्हटले. मुखडा झाला, सगळे थांबले, वहिनींनी श्वास घेतला, आणि मंडपातला लाईटवाला धावत स्टेजवर चढला. त्याला वाटले माईक गेला. वायर हलवून, "हॅलो, हॅलो" करून पाहिले. लोक हसले. दुसऱ्या वेळी त्या रिकाम्या जागेत शेजारच्या स्टॉलवरची कॅसेट ऐकू आली. आमचे पाय थरथरत होते. तिसऱ्या वेळी मात्र कोणी हलले नाही. मुंबई रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज आला आणि गेला. त्या आवाजात काय होते कोण जाणे, ट्रकच तो, पण आमच्यातल्या दोघांना दादरचा किनारा आठवला. गाणे संपल्यावर टाळ्या बेताच्याच पडल्या. वन्स मोर नाही. पुढे कोणी नाचलेही नाही. मामा स्टेजवरून उतरले तेव्हा एका बाईने त्यांना विचारले, "दादा, त्या आजीला दर्शन झालं का हो मग?" मामांनी सांगितले, झाले.

ते म्हातारे उपासक तेव्हा हयात नव्हते. त्यांनी ऐकायला हवे होते, असे मामा पुष्कळदा म्हणत.

नंतरचे थोडक्यात सांगतो. मामा गेले. अण्णा निवृत्त होऊन गावी गेले, तिथून काही वर्षे पोंगलला पत्र येई. गाण्याची एकच कॅसेट भरली होती, ती पावसाळ्यात चिकटली. आमच्यातले आता तिघे उरलो आहोत. मुले-नातवंडे चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर, कोणी रोबोट चालवतात, कोणी माल भरतात. बोटे अजूनही जातात, कायम कामगाराची कमी आणि कंत्राटीची जास्त. जयंतीला साऊंडच्या भिंती उभ्या राहतात. त्यांच्याशी आमचे वैर नाही, पण त्यांच्यासमोर श्वास ऐकू येत नाही.

आणि २०२२ साली एक गोष्ट घडली. इळैयाराजांनी एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तीत बाबासाहेबांची तुलना आजच्या पंतप्रधानांशी केली. देशभर वाद झाला. आमच्या तालमीतली तरुण मुले चिडली. म्हणाली, यापुढे त्या माणसाची गोष्ट सांगू नका. ती तुलना आम्हालाही पटली नाही, साफ सांगतो. बाबासाहेबांच्या शेजारी कोणाला बसवावे हे आम्ही कोणा संगीतकाराला विचारायला गेलो नव्हतो. पण चाल कशी थांबवावी हे मामा ज्याच्याकडून शिकले त्याचे नाव गाळायचे, तर मग आमच्या गाण्याची गोष्ट खोटी होते. मुलांशी यावर दोन तास भांडण झाले. शेवटी ठरले की नाव सांगायचे आणि वादही सांगायचा. मार्च २०२५ मध्ये लंडनला त्यांची सिम्फनी झाली, तेव्हा त्यातल्याच एका मुलाने मोबाईलवर आम्हाला तिचा तुकडा ऐकवला. काही बोलला नाही.

यंदाच्या तालमीत वहिनींच्या जागी त्यांची नात गाते. ती चाकणला क्वालिटीत आहे, रविवारी सुट्टी मिळाली तर येते. ढोलकीच्या जागी एक पोरगा पॅड वाजवतो, हात चांगला आहे. मुखडा संपल्यावर तो थांबला आणि त्याने विचारले, "काका, इथे किती मात्रा सोडू? मशीनमध्ये भरून ठेवतो." आम्ही म्हटले, भरता येणार नाही, तिच्याकडे बघ. तो बघत राहिला. नातीने श्वास घेतला, तेवढ्यात बाहेरून लोणावळा लोकल गेली, तिला हसू आले आणि बोट वर करायचे राहून गेले. तिला म्हटले, पुन्हा घे, पहिल्यापासून.